बिनखोबऱ्याचं कालवण

७ जानेवारी १९९१, सोमवार

कोर्टाकडून नवीन प्रकरण. कागद जाड, भाषा त्याहून जाड. ‘अज्ञान नलिनी हिच्या ताब्याबाबत.’ अठराच्या आतलं मूल कायद्याच्या मराठीत ‘अज्ञान’. वीस वर्षं या अज्ञानांसमोर बसते आहे. घरातलं काय त्यांना ठाऊक नसतं, ते मला अजून सापडायचंय.

नलू आठ वर्षांची. ब्याऐंशीच्या गिरणी संपाच्या उन्हाळ्यात जन्मलेली. वडील रघुनाथ धुरी, लालबाग, मूळचे मालवणकडचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपानंतर परत घेतलं नाही. आता कॉटन ग्रीनला एका गोदामावर वॉचमन. आई शेवंता, माहेर वरळी कोळीवाडा. लालबागच्या बाजारात मासे विकायला बसते. तिथेच जमलं म्हणे. हा पगाराच्या दिवशी पापलेट घ्यायला जायचा, मग पगार नसतानाही जायला लागला. घटस्फोटावर दोघं राजी आहेत. नलूवर नाहीत.

सध्या ती सोमवार ते शुक्रवार बापाकडे, कारण शाळा लालबागला. शनिवार-रविवार आईकडे. ही तात्पुरती सोय. कायमची कुणाकडे, ते मी सुचवायचं. बंद लिफाफ्यात, महिनाअखेरीस.

अण्णाला जेवताना एवढंच म्हटलं की नवीन काम आलंय. नावगाव मी सांगत नाही, तो विचारत नाही. पण निवृत्त संस्कृत शिक्षक आणि वर थोरला भाऊ, तो गप्प कसा बसेल.

“राधे, स्वतः एक लग्न केलं नाहीस आणि लोकांची शंभर मोडलीस.”

मी मोडत नाही, म्हटलं. मोडलेल्यांची वाटणी नीट होते का ते बघते.

“म्हणजे भांडी वाटायला बसणारी आत्या,” असं म्हणून त्याने ताक मागितलं.

८ जानेवारी

खालच्या सुंदराबाईंनी माझ्या पाटीवरचं ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ वाचून जिन्यात थांबवून विचारलं — “फॉरेन्सिक म्हणजे ते मढी फाडतात तेच ना हो?” म्हटलं, माझ्याकडची बोलतात. त्या दोन पायऱ्या मागे सरकल्या.

१० जानेवारी, गुरुवार

नलूची पहिली बैठक, परळच्या माझ्या खोलीवर. दोन वेण्या, गुडघ्यावर खपली, दप्तर पाठीवरून काढायला तयार नाही.

परदेशी पुस्तकं सांगतात, बाहुलीघर पुढे ठेवा. ठेवून पाहिलं होतं सुरुवातीला. आमची पोरं हात मागे घेऊन बसायची — काचेतली वस्तू, फुटली तर कोण भरणार! तेव्हापासून सावंतवाडीची लाकडी भातुकली. पाच मिनिटांत घर मांडतात, दहाव्या मिनिटाला त्यात भांडण सुरू.

नलूने दोन घरं मांडली. चटईच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. भांडी मोजून निम्मी-निम्मी. मग म्हणाली, “आता पाहुणे येणार.” लगेच त्या घरातली चूल उचलून या घरात आणली. पाहुणे जेवले, गेले. मग चूल आणि पाट दोन्ही उचलून त्या घरात. तिथेही पाहुणे आले, जेवले, गेले. मग सगळं जागच्या जागी. सगळं एखाद्या हमालाच्या शांतपणाने.

मी टिपणात लिहिलं: ‘विभागलेली निष्ठा. दोन घरांमधली दरी प्रतीकरूपाने भरून काढण्याचा प्रयत्न.’ वाचून स्वतःवर बेहद्द खूश झाले.

मग ती सुरू झाली.

“तुम्ही आमच्या घरी येणार?”

दोन्ही घरी. एकेकदा.

“काय बघता?”

तू कुठे झोपतेस, कुठे अभ्यास करतेस, काय जेवतेस.

“मार्क देता?”

मार्क नाही देत, म्हटलं. तिने माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. विश्वास बसला नाही.

“तुम्हाला काय आवडतं?”

मुलांना खरं तेच सांगायचं असतं. बोंबील, म्हटलं. डॉक्टरांनी नाडी बघून मान हलवावी तशी तिने मान हलवली.

ती गेल्यावर लक्षात आलं, अर्धा तास तिनेच मला तपासलं.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. आजच नलूच्या आई-वडिलांना बोलावलं होतं. वेळा वेगवेगळ्या दिल्या होत्या, तरी दारात गाठ पडलीच. दोघांनी मला तिळगूळ दिला. एकमेकांना नाही. ‘गोड बोला’ म्हणायला दोघंही लाजले, एवढं एकमत दिसलं.

रघुनाथ खुर्चीच्या कडेवर बसतो, जणू मुकादम येऊन उठवणार आहे. “संपात सासुरवाडीची टोपली यायची बाई, रोज. मासे, तांदूळ. कमावता बाप्या मी, नि बायकोच्या बापाचं खातोय. एक दिवस टोपली पायाने सरकवली. लाथ नाही हो मारली. सरकवली. तेवढं तिने धरून ठेवलंय.”

तासाभराने शेवंता. हातातल्या बांगड्या मागे सारून बसली. “लाथ मारली, बाय. माझे बापाचे टोपलीला. तांदूळ जिन्यापरेंत गेला.”

गिरण्यांचा संप कुणी रीतसर मागे घेतल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. यांचाही तसाच.

त्या वर्षी परळच्या हॉस्पिटलात मी मुलांच्या विभागात होते. गिरणगावातली पोरं यायची, पोटात दुखतं म्हणून. तपासलं की पोटात काही नसायचं. काही वेळा तर अक्षरशः काही नसायचं. तेव्हा मोडायला लागलेली घरं आता कोर्टात पोचताहेत. आमच्या धंद्याला उधारी चालते.

नलू का हवी, असं दोघांना विचारलं. रघुनाथने आधी छताकडे पाहिलं. मग — “ती गेली तर खोलीत उरलं काय? मी नि पंखा.” शेवंता लगेच — “शनिवारी येते, सोमवारी पहाटे जाते. वेणी घालायला हात बसतो न बसतो, तवर पोरगी गेलेली.”

दोघांचंही खरं आहे. कामातली अडचण ती हीच. एक जण खोटं बोलत असला की किती बरं असतं.

१८ जानेवारी, शुक्रवार

लालबागची भेट. घरभेटीची आगाऊ सूचना द्यावी लागते. ती एका खोलीला दिली होती. वाचली सगळ्या चाळीने.

आणि चाळीला पाहुण्यांनी घर बघायला येण्याची एकच रीत माहीत. मला अगदी मुलीच्या घरी आलेल्या वरमाईसारखं वर नेलं. कुणाची भरतकामाची चादर, कुणाच्या दोन खुर्च्या, कुणाची कागदी फुलं. गॅलरीत बायका उभ्या. एक आजी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “रघू निर्व्यसनी हा हां. सकाळी लवकर उठता.” आणि खुद्द रघुनाथ, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, खाली मान घालून पोह्यांचा ट्रे घेऊन आला. त्याला गाणं म्हणायला सांगावं असं एक क्षण मनात आलं. आवरलं.

खिडकीशी नलूचं टेबल. लाकडी, निळ्या रंगाचं, कोपऱ्यात इस्त्रीचा जळका डाग, होडीच्या आकाराचा. नलू त्यावर पुस्तक उघडून वाचत बसलेली. पान उलटत नव्हती.

पक्षकाराकडे चहापोह्यांच्या पुढे जायचं नाही, हा माझा नियम. पण झाकण उघडलं आणि ताज्या बोंबलांचा वास आला. नियमाला सारस्वताच्या घरात जन्म नव्हता, मला होता. जेवले.

जेवता जेवता थबकले. कालवणात खोबरं नाही. मालवणी माणसाच्या घरात! ठेचलेला लसूण, चिंचेचा आंबटपणा आणि वर तो लालभडक मसाला. नारळाचा कीससुद्धा नाही.

कुणी केलं, विचारलं.

“मीच,” रघुनाथ पंख्याकडे बघत म्हणाला. पंखा बंद होता.

निघताना जिन्यात तो म्हणाला, “आज नऊ वर्षं झाली ना बाई संपाला.”

१९ जानेवारी

अण्णा कालपासून रेडिओला कान लावून आहे, आखातातली लढाई ऐकतोय. त्याला विचारलं, मालवणी माणूस खोबऱ्याशिवाय कालवण कधी करतो? रेडिओचा आवाज बारीक करून म्हणाला, “स्वतः करत नाही तेव्हा.” अण्णाने मानसशास्त्र घ्यायला हवं होतं.

२० जानेवारी, रविवार

वरळी कोळीवाडा. बोळ इतका अरुंद की समोरून टोपली आली तर एकाने पाठ भिंतीला लावायची. वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या दांड्यांवर, बोंबील वाळत घातलेले. त्यांच्या खालून वाकून जाताना माझी मान आपोआप वर होत होती.

इथे चाळ नव्हती, तरी वर्दी पोचली होती. शेवंताने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तिची आई सखुबाई आत चुलीपाशी, तिथूनच तिने मला नखशिखान्त तपासून घेतलं.

आतल्या दाराशी नलूचं टेबल. लाकडी. निळं. कोपऱ्यात इस्त्रीचा जळका डाग, होडीच्या आकाराचा.

मी बघतच राहिले.

“टेबल छान आहे. कधी घेतलं?”

“हायच ते,” शेवंता म्हणाली. “पयल्यापासून.”

“काल आला की,” सखुबाई आतून.

नलूची पेन्सिल टेबलाखाली पडली. ती शोधायला नलू खाली गेली आणि बराच वेळ वर आलीच नाही.

मग ताट आलं. बोंबलाचं कालवण. ठेचलेला लसूण, चिंच, लाल मसाला. पहिला घास घेतला आणि शुक्रवारचं लालबाग जिभेवर आलं. तेच. हात तोच.

शेवंता माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हटलं, उत्तम झालंय. ती म्हणाली, “दोनदा खाल्लं तरी चालतं, नाय?” आणि लगेच जीभ चावली.

२१ जानेवारी, सोमवार

परिस्थिती अशी. दोन्ही पक्षांनी न्यायालयाच्या तज्ज्ञाची फसवणूक केली आहे. टेबल लालबागहून वरळीला गेलं. कालवण कोळणीच्या हातून लालबागला आलं. कुठल्याही वकिलाच्या तोंडाला पाणी सुटावं.

फक्त घोळ एवढाच की दोघांनीही फसवणूक केली ती दुसऱ्याला जिंकवायला. यासाठी कुठलं कलम लावतात?

दहा तारखेचं टिपण काढून वाचलं. ‘प्रतीकरूपाने.’ ती पोर माझ्यासमोर बसून कोणती वस्तू कधी कुठे न्यायची ते नीट लावून बघत होती. प्रतीक माझ्याच डोक्यात होतं.

२३ जानेवारी, बुधवार

दोघांना बोलावलं, पुन्हा वेगवेगळं.

रघुनाथ आधी नाही-नाही म्हणाला. मी डागाचं बोलले तसा ढासळला.

“नलू म्हणाली, आईकडे टेबल नाही, बाई मार्क कापतील. गोदामावरची हातगाडी मागून घेतली. ढकलत नेली वरळीपर्यंत. दारात उतरवलं नि आलो. आत पाय ठेवला नाही, हां.”

अहो, पण तिकडे टेबल नसतं तर फायदा तुमचाच होता.

त्याने यावर खरोखरच विचार केला. “वकील पण तेच म्हणेल. त्याला सांगू नका.” मग जरा वेळाने — “कागदावर आलं असतं ना बाई, धुऱ्याची पोर जमिनीवर बसून लिहिते. तो कागद मोठी झाल्यावर तीच वाचील.”

शेवंता मात्र ढासळली बिसळली नाही. उलट माझ्यावरच आली.

“मग काय करू? नलू म्हणली, बायला बोंबील आवडतात नि बाबा डाळ लावणार. तो बोंबील करील तर नारळ घालून त्याचा चिखल करील. माझे पोरीचे बापाचे घरात पावना उपाशी? अब्रू गेली कुणाची, माझीच ना? बाजारातून उठून पोरीचे हातात डबा दिला शाळेपाशी.”

म्हणजे तुम्हाला त्याचं वाईट व्हावंसं वाटत नाही.

“त्याचं नाव नका काढू माझेसमोर.”

आणि नलूचा ताबा?

“तो मलाच पायजे,” पापणी न लवता.

पुन्हा एकत्र राहायचा विचार? रघुनाथला हेच विचारलं तेव्हा तो कसनुसा हसला होता. शेवंता मोठ्याने हसली. दोघांचं उत्तर एकच. नाही. नवऱ्या-बायकोचं इतकं जुळलेलं उत्तर मी बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं.

२५ जानेवारी, शुक्रवार

सगळं नलूने घडवून आणलं, हे उघड आहे. का, तेही उघड आहे. मुलाला आई-बाप एकत्र हवे असतात. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. तिने एकाच्या घरची वस्तू दुसऱ्याच्या घरी पोचवली, की वस्तूंच्या मागोमाग माणसंही जातील म्हणून.

अण्णाला नावं गाळून सांगितलं. तो विरघळला. “संस्कृताने उगाच का द्विवचन ठेवलंय? एक आणि अनेक यांच्या मध्ये काहीतरी असतं. लिहून टाक, दोघांनी नांदावं.”

अण्णा, द्विवचन फक्त डोळे, हात आणि व्याकरणाचा पेपर यांच्यापुरतं राहिलंय.

पण त्याने हळवं व्हावं आणि मी होऊ नये, अशी आमच्या घरातली वाटणी. आई-बाप एकत्र येणार नाहीत. आणि जोवर कुठलंच घर कायमचं ठरत नाही, तोवर पोर टेबलं हलवत राहणार, आशेवर. आशेचं पोटात दुखणं व्हायला वेळ लागत नाही. गिरणगावात बघितलंय मी. तेव्हा तिच्या भल्याचं हेच, की एक घर ठरावं. ठाम.

२७ जानेवारी, रविवार

लिहिलं. शिफारस आईच्या बाजूने. मुलगी वाढत्या वयाची. घरात आजी आहे. बापाची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. शाळा वरळीला बदलता येईल. बापाकडे महिन्यातले दोन रविवार, गणपती, मे महिन्यातले पंधरा दिवस.

टेबल आणि कालवण दोन्ही लिहिलं. लपवलं नाही. त्यातून दोघांचं बरंच दिसतं असंही लिहिलं. न्यायाधीशबाई समजून घेतील.

भाषा चोख उतरली आहे. तरी ‘मी नि पंखा’ हे काही केल्या कुठल्याही परिच्छेदात बसेना. ठेवून दिलं.

२९ जानेवारी, मंगळवार

लिफाफा कोर्टात दिला. परवा उघडतील. घरी आले तर अण्णाने बोंबील आणून ठेवले होते. खोबरं घालून केले. नेहमीसारखे झाले नाहीत. अण्णा म्हणाला, “खोबरं जास्त झालं.” तेवढंच होतं, रोजचं.

३० जानेवारी, बुधवार

नलूची निरोपाची भेट. अहवाल गेल्यावर मुलाला एकदा बोलवायचं, बोलायचं, पेन्सिल द्यायची, अशी माझी रीत आहे. आज तिने दप्तर काढून ठेवलं. भातुकली मागितली नाही. सरळ विचारलं, “किती मार्क पडले?”

मार्क नसतात ग, म्हटलं.

“सांगा ना. टेबल दोन्हीकडे एकच होतं. कालवण पण एकच. मग बरोबरी झाली ना? बरोबरी झाली की कुणी हरत नाही. मग आहे तसंच राहतं. पाच दिवस बाबा, दोन दिवस आई.”

म्हणजे दोघांनी परत एकत्र यावं म्हणून नव्हतं केलंस?

मी सुंदराबाईंकडे जिन्यात बघते, तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

“नको. एकत्र असले की दोघं पण जेवत नाहीत.”

लिफाफा उद्या उघडणार. कोर्टात निघालेय, परत मागायला.